उणे अठरा

तीस वर्षं मी थंडी तयार केली.
वागळे इस्टेटीत, कोल्ड स्टोअरेजला.
कॉम्प्रेसरला कान लावून सांगायचो
गॅस किती उरलाय.
उणे अठराला रचलेल्या कोंबड्या,
पिशवीत पिशवी, खोक्यावर खोका,
मान नाही, पाय नाहीत,
हाताला धोंडा.
मी त्यांना कोंबड्या म्हटलंच नाही कधी.
माल म्हटलं.

आता येऊरला दीड खोली,
मागे आंब्याखाली मोकळा तुकडा.
डिसेंबर सरता सरता मुरबाडच्या बाजारातून
अकरा पिल्लं आणली.
कुंदा म्हणाली, अंडी कोपऱ्यावर मिळतात की.
म्हटलं, ठाऊक आहे.

खाली ठाण्यात तेव्हाही पंखे चालू होते.
वर येऊरला पहाटे चौदा.
चौदाला काय थंडी म्हणतात?
मीच हसलो असतो,
उणे अठरातून बाहेर येऊन
भुवयांवरचं दव पुसत चहा पिणारा.
पण तीन दिवसांच्या पिल्लाला पस्तीस लागतात.
मधले एकवीस कुठून आणायचे
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून टीव्हीचा खोका, त्यात भाताचं तूस,
साठचा पिवळा बल्ब (आता मिळत नाही,
जांभळी नाक्याला चार दुकानं पालथी घातली),
दोन टोकांना दोन थर्मामीटर,
आणि दर तासाला वहीत नोंद,
सही सकट. सवय.

कुंपणावरून देवकी दुमाडा बघत होती.
म्हणाली, काच काय बघता, पोरांना बघा.
दिव्याखाली ढीग करून बसली, तर गारठलीत.
कडेला पळाली, तर भाजतायत.
पसरून निजली,
तर तुम्हीपण निजा.

त्या रात्री मी निजलो.

दोन चाळीसला जाग आली ती शांततेनं.
ही शांतता मी ओळखतो.
तिथे मशीन गप्प झालं
की भिंतीतून ऊब आत शिरायची, माल घामेजायचा,
आम्ही धावायचो.
इथे अख्ख्या पाड्याची लाइट गेलेली
आणि आत शिरत होतं ते
माझ्याच जुन्या हाताखालचं.

ट्रंकेतून कंपनीचं जाकीट काढलं,
कापूस भरलेलं, चेन अर्धी तुटकी.
गारठ्यात माणूस टिकावा म्हणून दिलेलं.
अंगात घातलं आणि एकेक करून
पिल्लं आत सोडली, बनियनला लागून.
नखं. चोची. ओलं काहीतरी.
भिंतीला टेकून बसलो,
श्वाससुद्धा बेताबेतानं.
कुंदानं मेणबत्ती धरली, मोजलं:
अकरा.

उजाडलं. चेन खाली ओढली तर
दहा जणांची चिवचिव.
अकरावं तळहातावर घेतलं.
त्या गारव्याची
माझ्या हाताला फार जुनी ओळख.
आंब्याखाली पुरलं.
वहीत त्या दिवसाची ओळ कोरीच आहे.

संध्याकाळी देवकी आली, डोक्यावर डालं.
डाल्यात खुडूक कोंबडी,
आठवडाभर रिकाम्या जागेवर बसून राहिलेली,
हट्टी, पिसं फुगवलेली, कुणाला जवळ न करणारी.
हिच्याखाली अंधारात सरकवा, म्हणाली,
सकाळी हिला वाटंल हिचीच.
आणि नाही वाटलं तर?
तर काय. ती काय मोजतीय?

रात्री दहा वेळा हात अंधारात नेला,
दहा वेळा रिकामा परत आणला.
ती जरा उचलली गेली,
जरा पसरली,
घशातल्या घशात काहीतरी बोलली
आणि बसली.

बल्ब काढून ठेवलाय, कागदात गुंडाळून.
जाकिटावर शिटाचे डाग आहेत.
कुंदा भिजत घालणार होती, मी थांबवलं.

काल पहाटे राहवलं नाही,
तिच्या पोटाखाली हात घातला.
एक्केचाळीस असावं. बेचाळीसही असेल.
टोचलं तिनं, रक्त येईस्तोवर.
बरोबर आहे.