सात किलो

कोजागिरी होऊन सहा दिवस झाले
तरी दुपारी धरमपेठेतली ही खोली
तव्यावर ठेवल्यासारखी.
पंखा पाचवर,
आणि मी मांडीवर स्वेटर घेऊन बसलेय,
नाकात डांबरगोळ्यांचा वास.
नवा घ्यायचा तर तिबेटी स्वेटरवाले अजून यायचेत.
दिल्लीत रात्री सोळा अंश, म्हणतो फोन.

तिकीट संस्थेनं काढलंय, म्हणजे सगळ्यात स्वस्त :
हातात सात किलो, बाकी काही नाही.
चार दिवस.
गुलाबी बोंडअळीवर बारा मिनिटं बोलायचं,
एकदा मोठ्या लोकांसोबत जेवायचं,
एक सकाळ मोकळी, नुसती चालायला.
दिवसा ऊन, रात्री गारठा,
दोन ऋतू एकाच चेनमागे कोंबायचे.

सुकेशिनी दारातूनच म्हणाली,
"काहून वं, दुकान उघडून राहिली का तिथं?"
आणि माझ्या नऊ कपड्यांतले पाच
परत खुंटीला लावले तिनं.
रेल्वेत तिकिटं तपासते ती,
लोकांच्या बॅगा पाहून पाहून शहाणी झालेली.
"खालचं सगळं गडद घे, वरचं फिकं.
कोणतंही कोणावरही गेलं पाहिजे.
पंगतीत कसं,
कोणाच्याही शेजारी कोणीही बसलं पाहिजे."
हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती,
ओढणीची घडी घालत होती.

मग बातमी जिन्यावरून खाली गेली.
निखतनं काळं जॅकेट आणलं.
चार मुलाखती हरलेलं, पाचवी जिंकलेलं,
तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं टाचलेलं.
"हात पुढं बांधून उभी राहा, दिसत नाही."
चंद्रकला उईकेनं राखाडी शाल दिली :
पांघरली तर शाल, गुंडाळली तर मफलर,
विमानात उशी.
"आन् प्रश्न विचारणारा लईच खडूस निघाला
तर तोंड पुसायला."

माझे स्वतःचे म्हणावे असे दोन सुती कुर्ते.
त्यांचा धागा मी ओळखते,
एकोणतीस मिलिमीटर,
असे किती विंचरलेत मी काळ्या मखमलीवर
प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली.
सूत चुरगळतं, आणि चुरगळलं की सांगून टाकतं.
म्हणून घडी नाही, सुरळी.
मोजे बुटांत. कानातले चश्म्याच्या डबीत.
भाषणाचे कागद सगळ्यात वर,
म्हणजे उघडलं की आधी भीती,
मग कपडे.

कोपऱ्यावर गुलाबभाऊ रद्दीवाल्याच्या काट्याला
बॅग लटकवली.
सात किलो तीनशे.
त्यानं पुन्हा पाहिलं, चश्मा वर करून,
जणू काट्याचीच चूक असावी.
स्वेटर काढू? रात्री सोळा अंश.
बूट तर पायातच.
सुकेशिनीनं सरळ बाजूचा कप्पा उघडला :
ठवरेताईंचा चिवडा, न सांगता कोंबलेला,
वर चिठ्ठी, 'तिथलं खाणं गोड असते'.
तो आम्ही तिथंच संपवला,
वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर बसून,
पाच बाया आणि गुलाबभाऊ.
शेवटचे शेंगदाणे त्यानं टिपले,
हात झटकून बॅग परत लावली,
म्हणाला, "आता जा."

एवढं सगळं झाल्यावर आठवला
गांधीबागेतून कापड आणून शिवलेला मोरपंखी.
ज्यात मला मी बरी दिसते, असा एकच.
काल धुतला होता,
संध्याकाळी भलत्याच वेळी आलेल्या सरीनं
गच्चीवर पुन्हा भिजवला.
बाह्या वाळलेल्या, पाठ नाही.

तोच घातला.
अंगावरच्या कपड्यांचं वजन कोण करतं?
सोनेगावपर्यंतच्या ऑटोत
सीटला पाठ न टेकता बसले मी,
आणि दोन्ही बाजूंनी आत येणारं ते गरम वारं,
ज्याला महिनाभर शिव्या घातल्या,
रहाटे कॉलनीपासून पुढं
पाठ वाळवत राहिलं माझी.