लाल रुमाल

कपाटात शिरून गाते मी. चारी बाजूंनी
लोकरीचे स्वेटर, वडलांचा जाड कोट,
त्याला अजून ओल्या मेंढीचा वास.
फ्रिजचा प्लग काढलेला, घड्याळ उशीखाली,
आणि खिडकीत लाल रुमाल: तो दिसला
की शेजारच्या डॉनयालने हातोडा ठेवायचा.

सुम्बा गावात वारा मात्र कुणाचं ऐकत नाही.
तेविसावा टेक त्यानेच खाल्ला.
चोविसावा सुरेख झाला;
बटण दाबायचंच राहिलं होतं.
मग एका रात्री सूर असा लागला
की हेडफोन गळ्यात घेऊन स्वयंपाकघरात
नुसती उभी राहिले,
आणि मोजे भिजले.
फ्रिज बंदच होता सकाळपासून.
हिवाळ्याचं सगळं मटण गेलं.
दुसऱ्या दिवशी ऐकलं तर
सूरही तेवढा लागला नव्हता.

मार्चमध्ये डॉनयाल दारात, टोपी हातात.
"झालं का गं गाणं? नाही, घाई नाही.
छपराचा पत्रा उचकटलाय,
तीन आठवडे बादल्या लावतोय."

गाणं मी फेब्रुवारीतच सोडलं होतं.
रुमाल तेवढा काढायचा राहिला.

"आजची रात्र दे," म्हटलं.
त्याला आमची मोठी बादली दिली
आणि फ्रिजचा प्लग काढला.