अडतीस हात

धारगळच्या सड्यावर विहीर खणायची ठरली
तेव्हा फटू परब आधी गवतात उकिडवा बसला,
वाऱ्याकडे पाठ करून विडी पेटवली
आणि ती संपेस्तोवर कशालाच हात लावला नाही.

पहिले अकरा हात जांभा.
तांबडा, भोकाभोकांचा,
मुंग्यांनी गाव वसवून सोडून दिल्यासारखा.
जमिनीत असतो तोवर पहारीला मऊ लागतो,
वर काढून उन्हात मांडला
की महिन्याभरात हट्टाला पेटतो.
"ह्याचंच घर बांध," फटू म्हणाला.
मी वहीत लिहिलं: चिरे, चारशे बारा.

मग शेडी.
पांढरी, गुलाबी, मधेच जांभळी,
ओल्या साबणासारखी बोटांना चिकटणारी.
तिच्यात खडकाची रेघन् रेघ शाबूत,
भेगसुद्धा जिथल्या तिथे,
फक्त खडक नाही.
नखाने खरवडलं तर नखात आला.
पोस्टातल्या बत्तीस वर्षांनंतर
निवृत्तीच्या कागदांवर माझी सही अशीच उमटली होती,
वळणं सगळी जागच्या जागी.

एकविसाव्या हातावर गोटे लागले.
घणाचा एक टोला, आणि पापुद्रे सुटले
कांदा सोलावा तसे,
बाहेरचा गेरूचा, आतला हळदीचा, त्याच्या आतला राखेचा,
आणि मधोमध मुठीएवढा काळाकुळकुळीत गाभा
जो अजून कशालाच कबूल झाला नव्हता.
तो मी धुऊन खिडकीत ठेवला.

म्हणजे आम्ही उलटे उतरत होतो,
आधी शेवट, मग मधलं,
सुरुवात सगळ्यात खाली.
विरघळण्यासारखं जे होतं
ते कुठल्या कुठल्या पावसांनी कधीच शापोऱ्यात नेलं,
तिथून समुद्रात, बहुधा शिंपल्यांना.
उरलं लोखंड. तेही गंजलेलं.
त्याच्यावर आमचं गाव उभं,
देवळासकट, कपेलासकट, दारूच्या दुकानासकट.

पस्तिसावर सलग काळा दगड.
सुरुंग नको, म्हणाला फटू.
दोन दिवस नुसता चाचपत राहिला,
मजुरी मात्र रोजच्या रोज घेतली,
आणि एका भेगेशी थांबला,
तांबूस कडेची, भुरभुरणारी.
"घट्टात पाणी नसतं बाये.
कुजायला लागलाय, तिथं बघायचं."

अडतिसाव्या हातावर पाणी.
आधी गढूळ, मग थंड,
जिभेला खिळा लागावा तशी चव.

खिडकीतल्या गाभ्यावर
परवा तिळाएवढा एक डाग दिसला, तांबडा.
पदराने पुसला. गेला नाही.
वहीत जागा होती.
तारीख तेवढी घातली.