वाल्देमारचा चिमटा

पेनिशच्या धक्क्यावर, रात्री पावणेतीनला,
सार्डिनचा लिलाव रंगात असताना वीज गेली.
पापणी लवावी इतकीच गेली.
तेवढ्यात बेचाळीस पेट्या विकल्या गेल्या
आणि विकल्या गेल्या नाहीत.

बेल्मीरूच्या फोनवर निरोप: माल गेला, पैसे जमा.
पेट्या तर त्याच्या पायाशीच होत्या,
बर्फ पाझरत होता,
खात्यात एक सेंटही नव्हता.
त्याने आरडाओरडा केला नाही.
ओल्या बुटांनी जिना चढून वर आला, फोन माझ्यापुढे धरला:
"योलांदा, तुझ्या यंत्राला तोंडं किती, ते एकदा विचार."

विचारलं.
डेटाबेस शब्दाचा पक्का निघाला.
वीज जाताच अर्धवट झालेलं सगळं त्याने पुसलं होतं,
ना विक्री, ना वजाबाकी,
जणू कुणी बोलीच लावली नव्हती.
फक्त निरोपांच्या वहीत एक ओळ उरलेली,
न घडलेल्या गोष्टीची.

मागितल्याशिवाय आईही वाढत नाही म्हणतात.
आमच्या कोडमध्ये रीत उलटी:
कुणी उठून स्वतःच्या हाताने काही घ्यायचं नाही,
दारातच सांगून ठेवायचं, मला हे लागतं,
कंटेनर आणून ओंजळीत ठेवतो.
विक्री लिहिणारा, पैसे हलवणारा, निरोप धाडणारा,
तिघांना कनेक्शन त्यानेच दिलं.
आणि मी खुशाल धरून चालले होते
की तिघांना दिलं म्हणजे एकच दिलं.

चार वाजता, दुधाळ कॉफीवर साय धरली तेव्हा,
नोंदणीच्या फायलीत तो शब्द सापडला.
माझाच. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी घाईत टाकलेला:
सिंगलटन.

निरोप्या सर्व्हरबरोबर जन्मला,
जन्मतानाच त्याला एक कनेक्शन मिळालं
आणि ते त्याने मुठीतून सोडलंच नाही.
बाकी दोघे प्रत्येक बोलीला नव्याने जन्मत,
एका ताटात जेवत, बरोबर मरत.
हा आपल्या डब्यातलं खात होता,
आपल्या मर्जीने कमिट करत होता.
मागे फिरायचंय हे त्याच्या कानावर
कधी गेलंच नव्हतं.

वाल्देमार आठवला.
आता दीपस्तंभाच्या वाटेवरच्या बाकावर गुडघे चोळत बसतो.
त्याच्या काळी चिठ्ठ्या तीन:
पिवळी होडीची, पांढरी घेणाऱ्याची, गुलाबी कचेरीची.
तिन्ही एकाच लाकडी चिमट्यात,
बायकोच्या वाळत घालायच्या दोरीवरून ढापलेल्या.
सौदा जुळला की चिमटा उघडायचा, तिन्ही एकदम वाटायच्या.
फिसकटला की तिन्ही शेगडीत
आणि चिमटा परत खिशात.
मी एकदा विचारलं होतं, चिठ्ठीगणिक चिमटा असता तर?
तो हसला नाही.
"मग कागद असतात, पोरी. सौदा नसतो."

ओळ बदलली. निरोप्यालाही आता बोलीपुरतंच आयुष्य.
सुरुवात आणि शेवट सर्वात बाहेरच्या फंक्शनच्या हाती,
आतल्या कुणी कमिटचं नाव काढायचं नाही.
निरोप लिहायचा त्याच चिमट्यात,
फोनवर जाईल तो चिमटा उघडल्यावर.
मग मुद्दाम वायर उपटत बसले,
अकरा वेळा, दर वेळी वेगळ्या जागी.
अकराही वेळा वही कोरी.

बर्फाला मात्र रोलबॅक नसतो.
उजाडेपर्यंत त्या बेचाळीस पेट्या
डबाबंद कारखान्याने निम्म्या भावात उचलल्या.
बेल्मीरूने सही केली, तिन्ही ठिकाणी,
नीट वाचून.

तो निरोप त्याने अजून पुसलेला नाही.
महिन्या-दोन महिन्यांनी जिना चढून येतो,
काही न बोलता फोन दाखवतो,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा मासे
माझ्या कीबोर्डवर ठेवून जातो.