पाच घडे पाणी

अथेन्सच्या न्यायसभेत मला तोंड नाही.
मी सिसिलीचा, उपरा. कर भरतो,
चांभाराच्या माडीवर राहतो
आणि दुसऱ्यांच्या तोंडात घालायला वाक्यं विकतो.

ख्रेमोनच्या आधी त्याचा धुराचा वास जिना चढून आला.
अखार्नाईचा कोळसेवाला.
शेजाऱ्याचे अकरा ओक रातोरात गेले
आणि आळ याच्यावर.
"तोडलेस का?"
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
आमच्या धंद्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

नऊ रात्री लिहीत होतो.
आधी फार देखणं झालं, ते खोडलं.
दोनशे एक पंच; कोळी, कांदेवाले, तीन-चार म्हातारे खलाशी.
देखणं वाक्य कानावर आलं
की ही माणसं आपला बटवा चाचपतात.
मग एक क्रियापद मुद्दाम चुकवलं,
एक उपमा अर्ध्यात मोडली,
आई तीनदा आली होती, एकदाच राहू दिली.
आणि शेवटाच्या जरा अलीकडे, समासात:
इथे थांब. हातांकडे बघ.

त्याला अक्षर येत नव्हतं.
मी वाचायचो, तो घोकायचा,
भट्टीवर, गाढवामागे, झोपेत (असं बायको म्हणाली).

त्या दिवशी मी कठड्याबाहेर उभा.
घड्याची बुची निघाली, पाणी पडू लागलं
आणि ख्रेमोन घडाघडा बोलू लागला.
माझं चुकवलेलं क्रियापद त्यानं
दुरुस्त करून म्हटलं!
मोडकी उपमासुद्धा सांधली.
आणि मग त्याच खणखणीत आवाजात:
"इथे थांब. हातांकडे बघ."

हशा. मागचा एक खलाशी तर बाकावर लोळला.
मी डोळे मिटून घेतले.
उघडले तेव्हा ख्रेमोन गप्प होता, पुढचं सगळं विसरलेला,
घड्यात पाणी अजून बरंच,
त्याचा तेवढा आवाज.
आणि पंच,
एक, मग तिघे, मग अख्खी रांग,
आपापल्या हातांकडे बघत होते.
जाळ्याच्या दोरीनं कापलेले हात.
कांद्याचे हात. एकाला अंगठा नव्हता.

सात मतांनी सुटला.

इतकी वर्षं मुलांना शिकवतो:
आरंभ असा, पुरावे असे, समारोपात करुणा.
त्या शांततेला काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही.

हिवाळ्यात त्यानं फीऐवजी दोन पोती कोळसा धाडला.
ओकचा. जड, बिनधुराचा, रात्रभर पुरणारा.
कुठल्या ओकचा,
ते मी एकदाही विचारलं नाही.