फक्की

नऊ वर्षं आक्षीच्या पुळणीवर
मीच मारली फक्की.
मध्यरेषेला दोरी धरायचा हसुराम,
म्हणायचा, "सरल वढ रं, तिकरं मानसा मरनार हान."

मरायची. पेण, रोहा, मुरूड,
चढवलं लोणावर लोण.
ढाली एवढ्या झाल्या की
सोसायटीच्या बर्फाच्या खोलीत ठेवल्या,
बोंबलांच्या पाट्यांशेजारी.
अजून वास येतो त्यांना.

कुठून सुरू झालं, नेमकं सांगता येत नाही.
गुडघा नव्हे. हसुरामचा गुडघा नंतर गेला.
त्याआधी प्रणित गेला पुण्याच्या संघाकडे, करारावर,
बूट माझ्याकडे ठेवून.
परत येतो म्हणाला होता,
बुटांना बुरशी आली.

काल नवगावकडून हरलो, अठ्ठावीस गुणांनी.
शेवटची चढाई हसुरामची.
दम मध्येच तुटला
आणि पंचाची शिट्टी वाजण्याआधी
तो आपणच बाहेर जाऊन बसला.
कुणी हसलं नाही.
नवगावची पोरंसुद्धा नाही.
तेच लागलं.

आज अमावास्येचं उधाण,
पाणी मैदानापर्यंत येणार.
तरी मी गोण उघडली.
हसुराम आला लंगडत,
दोरीचं टोक धरून उभा राहिला.
काहीच बोलला नाही.
रेषा वाकडी गेली,
तरीही.