विशेषणाची जागा

दर गुरुवारी संध्याकाळी, ग्रिम्सबीत,
चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये
मी चौघांना इंग्रजी विशेषणं शिकवते.
हीटर नाणं टाकल्याशिवाय पेटत नाही,
आणि नाणं नेहमी माझंच.

चौघंही मासळीच्या कारखान्यातून थेट येतात.
लिंबाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतात,
तरी वह्यांना हॅडॉकचा वास येतोच.
मला चालतो. मी त्याच वासात वाढले.

सुरुवात गुणवाचकांपासून: बिग, स्मॉल, सॉल्टी,
आणि स्टुपिड.
हा शेवटचा रेबवारने स्वतःहून आणला,
सुपरवायझरसाठी.

मग दर्शक विशेषणं. धिस, दॅट.
म्हातारा आदेलिनो बोट दाखवत हॉलभर फिरला:
धिस खुर्ची, दॅट दरवाजा,
खिडकीशी थांबला, काचेबाहेर नुसता काळोख,
म्हणाला, दॅट पोर्तुगाल.
मी म्हटलं, देशाच्या नावाला दॅट लावत नाहीत.
म्हणाला, इतक्या लांबून लावतात.

वाइदा जांभई देत म्हणाली, आय अ‍ॅम बोरिंग.
मी समजावलं: ज्याला कंटाळा येतो तो बोर्ड,
जो कंटाळा आणतो तो बोरिंग.
म्हणजे बोरिंग तुम्ही, ती म्हणाली.
पूर्ण मार्क दिले.
शीतगृहात मासा फ्रोझन आणि आपण फ्रीझिंग,
हे मात्र कुणालाच समजावावं लागलं नाही.

क्रम अवघड.
आधी मत, मग आकार, मग वय, मग रंग,
मग कुठलं, मग कशाचं.
वाइदाचा कोट लोकरी लाल नवा सुंदर,
बाही उलटी करून घातल्यासारखा.
असं का, तर मला सांगता येईना.
साठ वर्षं बोलतेय ही भाषा,
नियम परवाच पुस्तकात वाचला.

तिर्हास फारशी बोलत नाही.
लिहिते. टाके घातल्यासारखं बारीक अक्षर.
विषय होता माझं कुटुंब, प्रत्येकाला एक विशेषण.
माय टॉल सन.
माय स्मॉल डॉटर.
माय हजबंड इज लेट.

बस चुकली का, मी विचारलं.
तिने मान हलवली.
लिबिया, म्हणाली. होडी. तीन वर्षं.

हीटर टक्‌ करून बंद झाला. कुणी उठलं नाही.

मग मला ते सांगावं लागलं, पान एकेचाळीस:
काही विशेषणं जागा बदलली की अर्थ बदलतात.
लेट नामानंतर आला, तर माणसाला उशीर झालाय.
नामाच्या आधी येऊन बसला,
तर तो माणूस येणार नाही.
मी हे फळ्याकडे बघत सांगितलं.
मी नऊ वर्षांची असताना वडिलांचा ट्रॉलर परतला नाही,
आणि आई घरमालकाला दीड वर्ष
नामानंतरचाच लेट सांगत राहिली.

एकच शब्द? तिर्हासने विचारलं.
एकच.
मधे फक्त इज?
मधे फक्त इज.

मग ती हळूच म्हणाली,
ऑफिसातल्या बाईने फॉर्मवर आधी लिहिलं.
मी सही केली.

सोमवारी आम्ही दोघी तिकडे गेलो.
बाई वाईट नव्हती. चष्मा वर करून म्हणाली,
पण शब्द तर तेच आहेत ना?
खोडायला दुसरा फॉर्म लागतो.
तो संपला होता.

पुढच्या गुरुवारी तुलना.
कोल्ड, कोल्डर, कोल्डेस्ट,
रेबवारने तिन्ही थंड्या अंगाने करून दाखवल्या.
पुस्तकात त्याखालीच लेट, लेटर होतं.
ती ओळ मी गाळली.
तिर्हास घरूनच करून आली होती.

माय हजबंड इज लेटर दॅन यस्टरडे.

लाल पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ हातात धरून बसले.